तालुक्याच्या गावची नगर परिषद शाळा: मुलीला घालावे की नाही, हे ठरवायचे कसे?

पांदणवाट (धागा सुरू करणारी):

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. यजमान चार एकरांत कपाशी आणि तूर घेतात, मी गेल्या वर्षापासून नऊ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कारकून म्हणून जाते. मुलीला यंदा सहा वर्षे पूर्ण होत असल्याने तिला पहिलीत घालायचे आहे. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट अकरा आहे. वर्ग चार, कागदावर शिक्षक दोन, आणि त्यांतला एक बहुतेक दिवस पंचायत समितीत नाहीतर प्रशिक्षणाला गेलेला असतो. गुरुजी मनाचे चांगले आहेत, परंतु पहिलीच्या रांगेत माझी मुलगी एकटीच बसेल, ही गोष्ट मला खटकते.

दुसरा पर्याय म्हणजे आमच्याकडे ज्याला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात ती इंग्रजी शाळा. तिची पिवळी व्हॅन गावाच्या फाट्यापर्यंत येते. तिची फी आणि व्हॅनचे भाडे मिळून जो आकडा होतो, तो बोंडअळीच्या एका वर्षात आम्हाला झेपणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. खाजगी शाळांतल्या शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज केला होता, सोडतीत नाव आले नाही.

तिसरा पर्याय माझ्या कार्यालयापासून चालत पाच मिनिटांवर आहे. ती नगर परिषदेची मराठी प्राथमिक शाळा, पहिली ते पाचवी, पट १३४. शाळेच्या मागे जिनिंग (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) आहे आणि समोर भंगाराची दुकाने. जिनिंगमधल्या मजुरांची, हमालांची, भंगार वेचणाऱ्यांची, पारधी बेड्यावरची आणि पोडावरून (कोलाम वस्तीवरून) कामासाठी उतरलेल्या दोन-तीन कोलाम कुटुंबांची मुले तेथे शिकतात. मी हा विचार बोलून दाखवताच कार्यालयातील एक ताई म्हणाल्या, “तिथं कोनाचे लेकरं जातात, मालूम हाय ना?” त्या वाक्याने मी अस्वस्थ झाले, कारण त्यात शाळेविषयी काहीच नव्हते, जे काही होते ते मुलांच्या आईबापांविषयी होते.

एप्रिलच्या सकाळपाळीत मी एकदा त्या शाळेत जाऊन आले. भिंती नव्याने रंगवलेल्या होत्या, जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे लिहिलेले होते, एका वर्गात मोठा टीव्ही होता आणि त्यावर प्लास्टिकचे आवरण तसेच होते. मुख्याध्यापिका बाईंनी आदराने बसवले. तरीही तासाभराने बाहेर पडताना शाळा चांगली की वाईट, हे मला ठरवता येईना. अशी शाळा पाहायची असते तरी कशी, हे अनुभवी लोकांनी सांगावे.

खडूफळा:

ताई, मी अमरावती आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत सत्तावीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो, त्यामुळे माझे म्हणणे थोडे लांबेल.

तुम्ही पाहिलेल्या रंगाबद्दल आधी सांगतो. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान मिळते. १०१ ते २५० पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला ५०,००० रुपये धरलेले आहे, आणि त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि रंगही येतो. रंगवलेल्या भिंतीवरून एवढेच कळते की यंदा पैसे भिंतीवर खर्च झाले. टीव्हीवरचे प्लास्टिक मात्र तुम्ही नेमके टिपले.

आता मुद्द्याकडे येतो. अशा शाळेचा सरासरी निकाल पाहू नका. जी मुले जिनिंगच्या हंगामात म्हणजे दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्यात आईबापांबरोबर निघून जातात, त्यांचे गुण आणि पहिलीपासून त्याच शाळेत असलेल्या मुलांचे गुण एकत्र मिसळले की त्या सरासरीतून शाळेचे काम कळत नाही, फक्त वस्तीची मिळकत कळते. म्हणून तिसरीचा वर्ग मागा, आणि बाईंना स्वच्छ विचारा की यांतली कोणती मुले पहिलीपासून इथेच आहेत. त्यांतली पाच मुले हजेरीच्या क्रमाने निवडा. बाईंनी पुढे केलेली पाच घेऊ नका, आणि परवानगी घेतल्याशिवाय काही करू नका. त्यांना दुसरीच्या बालभारतीतला एक परिच्छेद वाचायला द्या. तो अडखळत वाचला तर साधी वाक्ये द्या, तीही न आली तर शब्द आणि शेवटी अक्षरे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीची मंडळी २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन हेच करत आली आहेत, आणि यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीचे केंद्राचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. त्यात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचता यावेत, अशी अपेक्षा आहे. तुम्ही घड्याळ लावण्याची गरज नाही. वाचून झाल्यावर “यात काय झालं, सांग बरं” एवढे विचारले तरी पुरते.

वह्या जरूर पाहा. तारखांमध्ये आठ-दहा दिवसांची पोकळी दिसते का, ते पाहा. ‘पाणि’ असे लिहिलेल्या शब्दावर लाल शाईची नुसती रेघ आहे की शेजारी ‘पाणी’ लिहून ते मुलाकडून पुन्हा लिहून घेतले आहे, तेही पाहा. एकट्या रेघेचा अर्थ ‘वही तपासली’ असा होतो, मूल शिकले असा नव्हे. मीही थकलेल्या दिवशी नुसत्या रेघा ओढल्या आहेत, म्हणून ही खूण मला ओळखता येते.

आणखी एक गोष्ट पालकांना सहसा ठाऊक नसते. शिक्षकांची पदे ज्या संचमान्यतेवर ठरतात, तिच्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. तुमच्या गावची जिनिंग सुरू होते दिवाळीनंतर. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जी वीस-पंचवीस लेकरे वर्गात येऊन बसतात, ती शिकवायची असतात, पण त्यांच्यासाठी शिक्षक मात्र मंजूर नसतो. १३४ पटाला शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्याप्रमाणे पाच शिक्षक हवेत, कारण १२१ ते २०० पटाला पाच असे त्यात दिले आहे. प्रत्यक्षात किती आहेत आणि डिसेंबरमध्ये वर्गात किती मुले बसली होती, हे दोन आकडे विचारून घ्या. या दोहोंत शाळेची खरी अडचण दिसेल, आणि बाईंना ते आकडे तोंडपाठ असतील तर समजा की त्यांचे शाळेकडे लक्ष आहे.

बोंडअळी:

सरांच्या म्हणण्याला थोडी जोड. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातला) क्रमांक असतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘आपली शाळा जाणून घ्या’ अशा विभागात तो टाकला की पट, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहे, वीज, पाणी अशी माहिती घरबसल्या पाहता येते. मी आमच्या भागातल्या तीन शाळांची पाहिली. ती माहिती शाळेनेच भरलेली असते, हे ध्यानात ठेवून वाचावी. ‘मुलींचे स्वच्छतागृह: आहे’ असे तेथे दिसेल, त्याच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते हे दिसणार नाही. मागच्या तीन-चार वर्षांचा पट एका ओळीत लिहून पाहा. पहिलीचा पट दरवर्षी घटत असेल तर वस्तीतल्याच लोकांनी काहीतरी ठरवलेले असते, आणि ते का, हे वस्तीतच विचारावे लागते.

पंचवीस टक्क्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना त्या जागांतून सूट देणारा नियम ९ फेब्रुवारी २०२४ ला आला होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो १९ जुलै २०२४ रोजी रद्द केला. म्हणजे ती वाट आजही खुली आहे. पण सोडत ती सोडतच.

सातबारा:

सर्वांचे म्हणणे वाचले. मी वेगळे बोलणार आहे, कोणी रागावू नये.

माझा मोठा मुलगा अशाच एका नगर परिषद शाळेत दोन वर्षे होता. मी स्वतः सरकारी शाळेत शिकलो, तेव्हा माझ्या मनात त्या शाळेविषयी तिरस्कार नव्हता, उलट हट्टाने घातले होते. पहिल्या वर्षी त्याला उत्तम बाई होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांची बदली झाली आणि आलेल्या गुरुजींकडे दोन वर्ग एकत्र दिले गेले. त्यातच त्यांना मतदार यादीचे काम लागले. शिक्षकांना इतर कामे देऊ नयेत असे कायदा म्हणतो, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्यातून वगळलेली आहेत, हे मला तेव्हा कळले. दोन महिने वर्गात शिकवणे असे झालेच नाही. माझा मुलगा घरी येऊन शिव्या द्यायला शिकला होता, हे मी फारसे मनाला लावून घेत नाही, शिव्या आमच्याही गावात आहेत. पण दुसरीच्या अखेरीस त्याला हातच्याची वजाबाकी येत नव्हती, आणि त्याला ती येत नाही हे त्याच्या शिक्षकाला माहीत नव्हते. मी विचारले तेव्हा त्यांनी त्याची वही शोधली, ती त्यांना सापडली नाही.

मी त्याला काढले आणि कर्ज काढून खाजगी शाळेत घातले. ती शाळाही काही फार थोर निघाली नाही, हेही कबूल करतो. तेथे पाठांतर खूप, समजावणे कमी. पण रोज वर्गात कोणीतरी उभे असते. ताई, वस्तीतल्या मुलांविषयी मला आपुलकी आहे, तुम्हालाही आहे असे दिसते. पण आपली आपुलकी सिद्ध करण्यासाठी आपल्या लेकराची दोन वर्षे खर्ची घालू नयेत. सरांनी सांगितलेली चाचणी आज केली आणि शाळा चांगली निघाली, तरी जूनमध्ये बदलीचा आदेश आल्यावर त्या चाचणीचे काय करायचे?

खडूफळा:

सातबारा भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच सांगतो की मलाही चार वेळा भर रंगात आलेला वर्ग सोडून जावे लागले. नगर परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या बहुधा त्याच गावातल्या शाळांमध्ये होतात, जिल्हा परिषदेसारख्या साठ-सत्तर किलोमीटरवर होत नाहीत, हा थोडा फरक. परंतु वर्ग तर बदलतोच.

मोहफूल:

मी अशा एका शाळेची पालक आहे आणि तीन वर्षांपासून शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणून आतली बाजू सांगते.

समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी सह्यांचे रजिस्टर घरी यायचे. दुसऱ्या वर्षी मी म्हटले, सही शाळेत येऊन करीन. तेव्हापासून बैठक खरोखर होऊ लागली. ताई, त्या शाळेत गेल्यावर समितीचे इतिवृत्त मागा. त्यात दर वेळी तेच तीन विषय त्याच शब्दांत असतील तर काय ते समजा. आमच्या इतिवृत्तात एकदा ‘खिचडीत डाळ दिसत नाही’ असे वाक्य लिहिले गेले, त्यावरून बाचाबाची झाली, आणि पुढच्या आठवड्यात डाळ दिसू लागली. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि बारा ग्रॅम प्रथिने असा हिशेब आहे. हे आकडे मला पाठ आहेत, कारण खिचडी शिजवणाऱ्या बचत गटाच्या बाई आणि मी त्यावरून भांडलो आहोत. ज्या वस्तीत सकाळी चहा-खारीवर मूल शाळेत येते, तेथे ही खिचडी अर्धी शाळा असते. दुपारच्या सुट्टीनंतर किती मुले वर्गात परततात, ते मोजा. जेवून घरी पळणारी मुले जास्त असतील, तर जेवणानंतरच्या वर्गात काही घडत नाही असे मी मानते.

आणखी एक गोष्ट भाषेची. आमच्या शाळेत कोलामी बोलणारी, गोंडी बोलणारी, गोरमाटी (बंजारा) बोलणारी आणि हिंदी बोलणारी मुले एकाच पहिलीत आहेत. बऱ्याच जणांना वाटते की ही मुले मंद आहेत. ती मंद नसतात. त्यांना ‘टोपली’ हा शब्द पहिल्यांदा शाळेतच भेटलेला असतो. आमच्या पहिलीच्या बाईंनी चौथीतल्या एका कोलाम मुलीला रोज अर्धा तास पहिलीत बसवले, ती लहानांना त्यांच्या भाषेत सांगायची. हे कोणत्याही परिपत्रकात नव्हते. तुम्ही पाहायला जाल तेव्हा एवढेच बघा की जे मूल मराठीत उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याशी बाई बोलतात की त्याला ओलांडून पुढच्याला विचारतात. माझी स्वतःची मुलगी या गोतावळ्यात मागे पडली नाही. उलट तिला चार भाषांत मोजता येते, आणि ती कोणत्याही घरात बिनधास्त पाणी मागून पिते.

शारीरिक शिक्षेबद्दलही विचारा. कायद्याने मारणे बंद आहे. बाईंना विचारू नका, मुलांना विचारा, आणि तेही “मारतात का” असे नको, “कोणत्या सरांची भीती वाटते” असे विचारा.

लालपरी:

मी एसटीत आहे, तेवढ्यापुरते सांगतो. नऊ किलोमीटरच्या येण्याजाण्यात मुलीचा विचार आधी करा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणजे तुमचे अर्धे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाचेही अर्धे. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला दोन तृतीयांश सवलत आहे. मुलींचा पूर्ण मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून पाचवीपासून मिळतो, पहिलीला नाही. पैशांपेक्षा वेळ बघा. सकाळची गाडी चुकली तर पुढची कधी, आणि पावसाळ्यात तुमच्या नाल्यावरून पाणी जाते का? सहा वर्षांची मुलगी तुमची सुट्टी होईपर्यंत संध्याकाळी कोठे बसणार, हेही शाळा पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पांदणवाट:

सर्वांचे मनापासून आभार. खडूफळा सर आणि मोहफूल ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी काल पुन्हा शाळेत गेले. या वेळी मुद्दाम आठवडी बाजाराचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी आमच्या गावातही शाळा निम्मी होते. जे पाहिले ते जसेच्या तसे लिहिते.

हजेरीत १३४ नावे होती, वर्गांतून फिरून मी ८९ डोकी मोजली. मुख्याध्यापिका बाईंना विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “बाजाराच्या दिवशी असंच असते, आणि सीझन संपत आला म्हणून जिनिंगवालेही निघाले.” डिसेंबरमध्ये किती मुले होती, असे विचारल्यावर त्यांनी रजिस्टर न उघडता १५८ हा आकडा सांगितला. शिक्षक चार. पाचवे पद दीड वर्षापासून रिकामे. पहिलीचा वर्ग सध्या स्वतः मुख्याध्यापिका बघतात, म्हणजे त्या कार्यालयात असल्या की पहिलीवर तिसरीच्या बाईंचे लक्ष असते. दोन्ही वर्गांमध्ये एकच दार आहे आणि ते उघडे ठेवलेले असते.

तिसरीत मी हजेरीच्या क्रमाने पाच मुले घेतली. दोघांनी दुसरीचा परिच्छेद नीट वाचला, आणि त्यांतल्या एका मुलीने न विचारता त्यातल्या बकरीबद्दल स्वतःच्या घरच्या बकरीची गोष्टही जोडून दिली. तिसऱ्याला वाक्ये आली, परिच्छेद जड गेला. चौथ्या मुलीला शब्द वाचता आले. ही चौघेही पहिलीपासून तेथेच आहेत. पाचवा मुलगा डिसेंबरमध्ये मध्य प्रदेशातून आलेला, त्याला थोडी अक्षरे येत होती. मी काही बोलण्याआधी बाई म्हणाल्या, “याला आलं तेव्हा एकही येत नव्हतं. आता क, म, ल, न, र, स येतात, काना आणि वेलांटी लावता येते, उकारात गडबडतो. मेमध्ये तो जाईल, म्हणून त्याला शिक्षण हमी कार्ड आणि ही वही देऊन ठेवणार आहे, पुढच्या शाळेनं निदान वही पाहावी.” त्यांनी वही दाखवली. पहिल्या पानावर पंधरा डिसेंबर होता. मला पाच मुलांच्या निकालापेक्षा त्यांचे हे बोलणे महत्त्वाचे वाटले. सातबारा भाऊंच्या मुलाच्या शिक्षकाला जे माहीत नव्हते, ते या बाईंना चार महिन्यांच्या पाहुण्या मुलाबद्दल माहीत होते.

चौथीच्या वर्गात मात्र चित्र निराळे होते. सर खुर्चीवर मोबाईलमध्ये कसलीतरी माहिती भरत होते. खोटे कशाला सांगू, ती शाळेचीच माहिती होती, त्यांनी मला पडदा दाखवला. मुलांपैकी काही फळ्यावरचे उतरवत होती, काही नुसतीच बसली होती. मी एका मुलाच्या वाचनाबद्दल विचारले तर म्हणाले, “यांच्या घरी कोनी पाहत नाही, आपन तरी किती करावं?” वहीत नुसत्या रेघा होत्या. जेवणानंतर तिसरीतली जवळजवळ सगळी मुले परतली, चौथीतली सात परतली नाहीत. खिचडीत डाळ होती, आणि वाटाणाही होता.

समितीचे इतिवृत्त मिळाले. चार बैठकांपैकी तीन छापील ठशाच्या होत्या. चौथ्या बैठकीत एका आईने सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या आपल्या मुलाला उन्हात कवायतीसाठी उभे करू नये, असे सांगितल्याची आणि ते मान्य झाल्याची नोंद आहे. आपल्या भागात हा आजार किती घरांत आहे ते सगळ्यांना ठाऊक आहेच, पण शाळेच्या दप्तरात त्याची नोंद मी पहिल्यांदा पाहिली.

कोणत्या सरांची भीती वाटते, हेही विचारले. दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि हसून पळून गेली. यातून काय घ्यायचे ते मला कळले नाही.

एक गोष्ट शाळेबाहेरची. परत येताना मी आमच्या गावच्या गुरुजींना भेटून सर्व सांगितले, लपवून काही करायचे नव्हते. चौथीची मुले गेल्यावर माझी मुलगी आली तर त्यांचा पट दहा होईल, नाही आली तर नऊच उरतील. ते म्हणाले, “ताई, पटासाठी लेकराला थांबवू नका. पण पहिलीची पुस्तकं मी आणून ठेवली आहेत.” त्यांच्या या वाक्याने मला फार जड वाटले.

सातबारा:

ताई, तुम्ही चौथीचेही लपवले नाही, म्हणून तुमच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास बसतो. तिसरीच्या बाई उत्तम आहेत हे मान्य. पण तुमची मुलगी तिसरीत जात नाही. पहिलीला सध्या शिक्षकच नाही, उघडे दार आहे. आणि तीन वर्षांनी ती चौथीत जाईल तेव्हा ते सर तेथेच असतील. मुलींच्या स्वच्छतागृहाचे तुम्ही काहीच लिहिले नाही.

खडूफळा:

भाऊंनी बोट बरोबर ठिकाणी ठेवले. ताई, आता शाळा चांगली की वाईट, हा प्रश्न सोडा. त्या एका छपराखाली दोन शाळा आहेत, हे तुम्ही स्वतःच पाहून आलात, आणि बहुतेक शाळा अशाच असतात. तुमचा प्रश्न पहिली आणि दुसरी कोण शिकवणार, हा आहे. वर्गवाटप जूनच्या शेवटी, आपल्याकडे शाळा उघडतात त्या सुमारास ठरते. माझा अनुभव असा की चांगल्या मुख्याध्यापकाने आपला सर्वांत भरवशाचा शिक्षक पहिलीला द्यावा, पण पुष्कळ ठिकाणी तो पाचवीला देतात, कारण नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा पाचवीत असते आणि तिच्या निकालाचा फलक लावता येतो. बाईंना आत्ताच विचारून ठेवा की तिसरीच्या बाई पुढच्या वर्षी कोणत्या वर्गावर असतील. पालकांनी हे विचारू नये असा नियम कोठेही नाही.

आणि घाई करू नका. प्रवेशाची मुदत गेली म्हणून शाळा मुलाला नाकारू शकत नाही, वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही घ्यावेच लागते. दाखल्याला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. जून संपेपर्यंत थांबलात तर तुमचे काही बिघडणार नाही.

मोहफूल:

सरांशी सहमत. एवढेच जोडते की पाचव्या पदासाठी समितीने ठराव करून नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्यावा, डिसेंबरच्या १५८ पटाची हजेरी जोडून. आमच्याकडे अशा ठरावानंतर पद भरले गेले नाही, पण शेजारच्या शाळेतील एक शिक्षिका आठवड्यातून तीन दिवस येऊ लागल्या. तुम्ही अजून त्या शाळेच्या पालक नाही, तरी त्या सिकलसेलवाल्या मुलाच्या आईला भेटा. ती बाई बोलणारी दिसते.

पांदणवाट:

सातबारा भाऊ, स्वच्छतागृहाचे लिहायचे राहिले. मुलींसाठी दोन आहेत. एकाला पाणी येते, दुसऱ्याला कुलूप आहे आणि किल्ली कार्यालयातील खिळ्यावर टांगलेली आहे. मी किल्ली मागितली, बाईंनी दिली. आत पाण्याची टाकी कोरडी आणि कोपऱ्यात जुने बाक रचलेले होते. पट १३४, त्यांत मुली निम्म्या धरा, आणि वापरात एक.

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा जाऊन वर्गवाटपाचे विचारले. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तिसरीच्या बाईंना पाचवी द्यायचा विचार आहे.” मी नवोदयचे नाव काढले नाही. एवढेच म्हटले की पहिलीला त्या मिळणार असतील तर मी माझी मुलगी आणते, आणि आमच्या गावातून रोज तालुक्याला येणाऱ्या आणखी दोन आया आहेत, त्यांच्याशीही बोलते. बाई म्हणाल्या, जूनच्या शेवटच्या आठवड्यात या.

लालपरी दादा, सकाळची गाडी साडेनऊची आहे, चुकली तर पुढची सव्वाअकराला. नाल्यावर पूल झाला आहे. शाळा सुटल्यावरच्या दीड तासासाठी आमच्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना विचारले, त्यांनी मागच्या खोलीत बसू द्यायला हरकत नाही म्हणून सांगितले. सिकलसेलवाल्या मुलाच्या आईचे घर भंगारच्या तिसऱ्या दुकानामागे आहे असे कळले. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.